बँक फीड अडकलं? आधी शिल्लक पाहा

अकाउंटिंग सॉफ्टवेअरला बँक खातं जोडलं की बँकेतले व्यवहार आपोआप तिथे येत राहतात. यालाच बँक फीड म्हणतात, आणि ते लागलं की आपण निर्धास्त होतो. पण फीड बंद पडताना आवाज करत नाही. माझं एकदा तीन आठवडे बंद होतं आणि मला कळलं ते १९ तारखेच्या रात्री. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, भरायची मुदत २० ला. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, चहा संपेपर्यंत हे काम उरकतो.

१. बँकेच्या अ‍ॅपमधली शिल्लक आणि सॉफ्टवेअरमध्ये फीडने आणलेली शिल्लक शेजारी ठेवा. पुस्तकी शिल्लक वेगळी असली तर घाबरू नका, दिलेला चेक अजून वटला नसेल. मात्र तारखेपासून तीन महिने उलटलेला चेक आता वटणार नाही. ती नोंद उलटवा आणि पार्टीला फोन करा.

२. नवे व्यवहार दिसत नसतील तर रिफ्रेश करा. तरी काही आलं नाही, तर बहुधा नेटबँकिंगचा पासवर्ड बदललेला असतो किंवा खात्याची माहिती द्यायला तुम्ही दिलेल्या संमतीची मुदत संपलेली असते. अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत (तुमच्या संमतीने बँकेची माहिती सॉफ्टवेअरपर्यंत पोचवणारी सेवा) खातं जोडलं असेल तर त्याच्याच अ‍ॅपमध्ये नवी संमती द्या. तिथे नेटबँकिंगचा पासवर्ड लागत नाही. कोणी मागितला तर देऊ नका.

३. मधली पोकळी खातेउताऱ्याने भरा, पण घाई नको. जोडणी पूर्ववत झाली की काही सॉफ्टवेअर मागचे व्यवहारही ओढून आणतात. तुम्ही आधीच फाइल चढवली असेल तर तेच पैसे दोनदा जमा दिसतात. म्हणून आधी जोडणी दुरुस्त करा, दुसऱ्या दिवशी पाहा आणि उरलेल्या तारखांचीच सीएसव्ही (खातेउताऱ्याची साधी डेटा फाइल) बँकेकडून उतरवून घ्या.

ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक ४.१२ई+११ असा होऊन बसतो आणि मग जुळवायला काही उरत नाही. चढवताना तारखेची पद्धत दिवस-महिना-वर्ष अशीच निवडा. ती चुकली तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिलचा व्यवहार ४ मार्चला, थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. २५ एप्रिलला निदान एरर तरी येते. १२ तारखेपर्यंतचे व्यवहार मात्र गुपचूप सरकतात.

४. आता जुळवणी. बँकेने १७.७० रुपये कापलेले दिसले तर सगळे बँक चार्जेसला टाकू नका. त्यात १५ रुपये शुल्क आणि १८ टक्क्यांनी २.७० जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला साधारणपणे त्याचं क्रेडिट (भरायच्या जीएसटीतून वजावट) मिळतं, म्हणून ते जीएसटीआर-२बीशी, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिटच्या विवरणाशी, ताडून घ्या. नेहमीच्या व्यवहारांसाठी आपोआप नोंदीचे नियम जरूर लावा, पण नेमके. ‘यूपीआय’ शब्द दिसला की विक्री, असा नियम मी लावला होता. भावाने परत केलेले उसने पाच हजारही विक्रीत गेले.

शेवटी शिल्लक पुन्हा पाहा. फरक राहिलाच तर त्याला दोनने भागा आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधा. ती बहुतेक वेळा जमेऐवजी नावे पडलेली सापडते. फरकाला नऊने भाग जात असेल तर हाताने केलेल्या नोंदी तपासा, कुठेतरी ५४० चे ४५० झालेले असतात.