ट्रिगर घेताना नुसत्या वजनाला भुलू नका

रायफलला नवा ट्रिगर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती हलका? म्हणजे तो सुटायला बोटाने किती ग्रॅमचा दाब द्यावा लागतो. मी उलट विचारते, कशासाठी? सँडबॅगवर रायफल टेकवून एकेक गोळी निवांत सोडणाऱ्याला शंभर-सव्वाशे ग्रॅमचा ट्रिगर शोभतो. तोच घेऊन बॅरिकेडमागे, घड्याळ चालू आणि धाप लागलेली अशा अवस्थेत उभे राहिलात, तर क्रॉसहेअर लक्ष्यावर यायच्या आधीच गोळी गेलेली असेल. तिथे माझ्या मते ७०० ग्रॅम ते एक किलो बरा. स्पर्धा खेळत असाल तर नियम आधी वाचा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला किमान १५०० ग्रॅमची अट आहे.

वजनापेक्षा महत्त्वाचं काय, तर प्रत्येक वेळी तोच ब्रेक मिळणं, म्हणजे ट्रिगर त्याच दाबाला सुटणं. पुल गेज (ट्रिगरचा दाब मोजायचं साधन) आणा, रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये बोट घालून तपासा आणि दहा वेळा मोजा. आकडा तीस-चाळीस ग्रॅमच्या आत राहिला तर ट्रिगर चांगला. एकदा ७००, एकदा ८२० असं चाललं असेल तर तो कितीही मऊ लागो, मी घेणार नाही. बोटाला सवय लागणार तरी कशाची? मग गेज बाजूला ठेवून दूरच्या एखाद्या ठिपक्यावर ड्राय फायर करा, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबा. ब्रेकच्या क्षणी क्रॉसहेअर हलला का, एवढंच बघा. ब्रेकआधी ट्रिगर खरखरत सरकला तर तो क्रीप. ब्रेकनंतर बोट धाडकन मागे गेलं तर ओव्हरट्रॅव्हल.

सिंगल स्टेज की टू स्टेज, यावर लोक उगाच भांडतात. टू स्टेजमध्ये पहिला टप्पा हलक्या दाबाने घेता येतो, पुढे भिंत लागते आणि तिथे थांबून श्वास सांभाळता येतो. पोझिशन शूटिंगला मला तोच आवडतो. बायपॉडवर आडवं पडून मारणाऱ्यांना सिंगल स्टेजचा काच फुटल्यासारखा ब्रेक आवडतो, आणि तेही चुकीचे नाहीत. शू, म्हणजे बोट टेकतं तो भाग, सपाट की वक्र, हा प्रश्न तर निव्वळ बोटाचा.

खरी गडबड होते ती ऑर्डर देताना. रेमिंग्टन ७०० रायफलच्या साच्याला, म्हणजे ट्रिगर बसतो त्या जागेच्या मापाला, टायमनी, ट्रिगरटेक, ज्युएल असे भरपूर पर्याय आहेत आणि कितीतरी कस्टम ॲक्शनही (ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि ट्रिगर बसतो तो रायफलचा मुख्य भाग) तोच साचा पाळतात. पण मूळ ७०० मध्ये बोल्ट रिलीज (बोल्ट बाहेर काढायची कळ) ट्रिगरलाच जोडलेला असतो, तर बऱ्याच कस्टम ॲक्शनमध्ये तो बाजूला असतो. कोणता हवा ते ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा. टिक्का, सॅव्हेज यांचे साचे वेगळे. सेफ्टी कोणत्या बाजूला आहे आणि तिला स्टॉकमध्ये, म्हणजे रायफलच्या दस्त्यात, जागा आहे का, तेही बघून घ्या.

बसवल्यावरची तपासणी टाळणाऱ्याच्या शेजारी मी उभी राहत नाही. रायफल रिकामी, नळी सुरक्षित दिशेला. बोल्ट चार-पाच वेळा जोरात बंद करा; फायरिंग पिन सुटता कामा नये. सेफ्टी लावा, ट्रिगर दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. तेव्हाही सुटता कामा नये. शेवटी कॉक केलेल्या रायफलचं बट रबरी मॅटवर आपटा. एकदा जरी सुटली तरी गनस्मिथकडे. हा फाजील धाक नाही: २०१४ मध्ये रेमिंग्टनने एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले होते, कारण त्यात जास्त राहिलेल्या चिकट द्रव्यामुळे गोळी आपोआप सुटण्याचा धोका होता.

कारखान्याने सील केलेल्या सीअर एंगेजमेंटच्या (सीअर म्हणजे फायरिंग पिन अडवून धरणारा भाग, एंगेजमेंट म्हणजे त्याची पकड) स्क्रूला हात लावू नका. वजनाचा स्क्रू मात्र तुमचा. तोही कंपनीने दिलेल्या मर्यादेतच फिरवा आणि दर बदलानंतर वरची तपासणी पुन्हा करा. आत तेल ओतू नका. त्यात धूळ चिकटते, थंडीत ते घट्ट होतं, आणि अतिहलक्या ट्रिगरमध्ये सीअरची पकड मुळातच केसभर असते.