गावातल्या घरी एस्प्रेसो : कमी खर्चाचे मशीन कसे निवडावे आणि कसे वापरावे

एस्प्रेसो मशीन घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी मशीनचा फोटो, त्यावर लिहिलेला बारचा, म्हणजे दाबाचा, आकडा आणि किंमत पाहू लागतात. विदर्भातल्या गावात राहणाऱ्याने हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे : आधी घरातले पाणी तपासावे, मग वीज, मग ग्राइंडरचे पैसे बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत मशीन शोधावे. स्वस्त मशीन सहसा कॉफीमुळे बिघडत नाही. ते क्षारांनी आणि कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजने बिघडते, आणि या दोन्ही गोष्टींची आपल्याकडे वाण नाही.

एस्प्रेसो म्हणजे काय, हे आधी नेमके समजून घ्यावे. बारीक दळलेल्या आणि दाबून बसवलेल्या कॉफीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सुमारे ९ बार दाबाने, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट दाबाने, २५ ते ३० सेकंदांत पार करायचे, एवढीच ती क्रिया आहे. १८ ग्रॅम पूड घेतली तर कपात साधारण ३६ ग्रॅम कॉफी उतरावी. पुढच्या सगळ्या सूचना या चार आकड्यांभोवतीच फिरतात.

पाणी आधी तपासा

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी मचूळ किंवा खारट असते. खारपाणपट्ट्याबाहेरही अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या आतून पांढरा थर धरतो, ते पाणी मशीनमध्ये घालू नये. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर बाहेर पडतात आणि खडकासारखे घट्ट बसतात. पातेले घासता येते, पण स्वस्त मशीनमधल्या पाणी तापवणाऱ्या नळ्या काही मिलिमीटरच्याच असतात आणि त्या आतून घासण्याची काही सोय नसते.

तपासणी अवघड नाही. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या टीडीएस मीटरने पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज येतो. त्यात जडपणा किती, हे मात्र मीटर सांगत नाही; त्यासाठी ग्रामपंचायतीकडे असलेल्या पाणी तपासणीच्या संचाची चौकशी करावी किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार टीडीएस ५०० आणि एकूण जडपणा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चालतो, आणि दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २,००० आणि ६०० पर्यंत सूट आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही मशीनला अयोग्य असू शकते. कॉफीसाठी ७५ ते २५० टीडीएसचे पाणी चांगले समजावे.

घरी आरओ असेल किंवा गावात जारचे पाणी मिळत असेल, तर प्रश्न बराचसा सुटतो. तरीही त्या पाण्याचा टीडीएस मोजून पाहावा, कारण काही आरओचे पाणी १५-२० पर्यंत उतरलेले असते. त्या पाण्याची कॉफी फिकी लागते. अशा वेळी आरओच्या पाण्यात पिण्याचे साधे गाळलेले पाणी थोडे थोडे मिसळून आकडा १०० च्या आसपास आणावा. मूळ पाणी खारट किंवा फार जड असेल तर मात्र हे मिश्रण करू नये; फिकी कॉफी परवडते, पण क्षारांनी चोंदलेले मशीन परवडत नाही.

मग वीज

घरगुती मशीन साधारण ८०० ते १,४०० वॅटचे असते. घरातला नेहमीचा इन्व्हर्टर एवढा भार उचलत नाही, त्यामुळे लाइन गेल्यावर मशीन चालणार नाही हे धरूनच चालावे. खरी अडचण कमी व्होल्टेजची आहे. रब्बीत ज्या डीपीवर मोटारपंप चालू असतात, त्याच डीपीवर घराची लाइन असेल तर व्होल्टेज १८० पर्यंत पडलेले दिसते. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते. म्हणून २३० ऐवजी १८० व्होल्ट असतील तर तापवण्याची ताकद जवळपास ६१ टक्केच उरते, आणि पंपही मंदावतो. कॉफी आंबट आणि पाणचट उतरते, आणि आपण दोष बियांना देतो.

यासाठी मुख्य मोटारी बंद असतानाची वेळ निवडावी किंवा किमान २ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावावा. मशीन १६ अँपिअरच्या पॉवर प्लगलाच जोडावे, एक्सटेन्शन बोर्ड टाळावा. पाणी, वीज आणि धातूची बॉडी एकत्र असलेल्या या वस्तूला चांगले अर्थिंग नसेल तर ती घेऊच नये. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतत राहावे.

मशीन कोणते घ्यावे

बाजारात दोन प्रकार एकाच नावाने विकले जातात. पहिला प्रकार वाफेच्या दाबावर चालतो. त्याच्या माथ्यावर घट्ट फिरवायचे जाड झाकण असते, खोक्यावर बहुधा ३.५ किंवा ५ बार असे लिहिलेले असते आणि किंमत कमी असते. त्यातून कडक, गरम कॉफी निघते, पण ती एस्प्रेसो नव्हे. एवढीच कॉफी हवी असेल तर त्यापेक्षा मोका पॉट घ्यावा. आल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ मध्ये इटलीत आणलेले हे भांडे गॅसवर चालते, त्याला वीज लागत नाही आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. ज्या गावात रोज तीन-चार तास लाइन जाते, तिथे मी मशीनआधी हेच सुचवीन.

दुसरा प्रकार पंपाचा. खोक्यावरचे १५ किंवा २० बार हे पंपाच्या कमाल क्षमतेचे आकडे असतात; कॉफीला ९ बारच लागतात, म्हणून २० बारचे मशीन १५ बारपेक्षा सरस ठरत नाही. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पूड ज्यात भरतात ती चाळणी, म्हणजे बास्केट, ५१ मिलिमीटरची आहे की ५८ ची, आणि त्या मापाच्या सुट्या वस्तू सहज मिळतात का, हे पाहावे. बास्केट एकेरी तळाची आहे की दुहेरी, हेही विचारावे. दुहेरी तळाच्या बास्केटला खाली एकच बारीक छिद्र असते; ती स्वतःच दाब निर्माण करते, म्हणून दळण थोडे चुकले तरी फेस दिसतो. शिकताना ती उपयोगी पडते, पण चव पुढे न्यायची असेल तर एकेरी बास्केट लागतेच; म्हणून दोन्ही बसतील असेच मशीन निवडावे.

सेवा केंद्राची चौकशी पैसे भरण्याआधी करावी. आपल्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती होते की मशीन नागपूर-अमरावतीला पाठवावे लागते, हे कंपनीच्या क्रमांकावर फोन करून विचारावे, आणि मूळ खोका व थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावा.

ग्राइंडरवर हात आखडू नये

एकूण पंधरा हजार रुपये असतील तर त्यातले किमान पाच हजार ग्राइंडरसाठी ठेवावेत. मिक्सरच्या पात्यांनी बी तुटते, दळले जात नाही. थोडी भुकटी होते आणि थोडी भरड राहते, पाणी भरडीतून वाट काढते आणि एकाच कपात आंबट व कडू दोन्ही चवी उतरतात. दोन दातेरी भागांमध्ये बी चिरडणारा, हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर विजेवरच्या स्वस्त ग्राइंडरपेक्षा सरस काम देतो आणि त्याला लाइन लागत नाही. सोबत ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्यावा. चमच्याच्या मापाने एस्प्रेसो जमत नाही.

बिया

चिखलदऱ्याला, सातपुड्यात सुमारे १,१०० मीटर उंचीवर, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत, आणि आपल्या प्रदेशात कॉफी पिकते याचा अभिमान वाटावा असेच ते ठिकाण आहे. तिथली कॉफी घेताना ती कधी भाजली आणि अख्ख्या बिया मिळतील का, एवढे आवर्जून विचारावे. एरवी कर्नाटकातल्या चिक्कमगळूर किंवा कोडगूच्या, मध्यम ते गडद भाजलेल्या बिया मागवाव्यात. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते घेऊ नये. भाजल्यानंतर आठवडाभर बियांतून वायू सुटत असतो, त्यामुळे कुरियरला गावात पोचायला पाच-सहा दिवस लागले तरी नुकसान होत नाही.

चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड आणि झटपट विरघळणारी कॉफी या मशीनमध्ये घालू नये. इन्स्टंट पूड विरघळून बास्केटची छिद्रे चिकट करते. आपला मे महिना ४५ अंशांचा असतो, म्हणून उन्हाळ्यात बियांच्या चार-पाच दिवसांच्या लहान पुड्या करून हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, आणि बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर बियांवर दव धरते. पाव किलो बियांना ५०० रुपये पडले, तर १८ ग्रॅमच्या एका डबल कॉफीला ३६ रुपये लागतात, हा हिशेब आधीच मनाशी असू द्यावा.

कॉफी काढण्याची कृती

नवे मशीन आल्यावर टाकी धुऊन दोन टाक्या पाणी कॉफीविना आरपार सोडावे. रोज वापरताना मुठीसह, म्हणजे बास्केट जिच्यात बसते त्या दांड्यासह, बास्केट मशीनमध्ये अडकवून दहा मिनिटे तापू द्यावी, मग एकदा नुसते पाणी सोडून कप आणि मूठ गरम करावी. धातू थंड असेल तर पाण्याचे तापमान वाटेतच उतरते.

बास्केट कोरडी पुसावी. ५१ मिलिमीटरच्या बास्केटमध्ये साधारण १६ ग्रॅम पूड मावते. दळण पिठीसाखरेहून रवाळ आणि बारीक मिठाहून बारीक असावे. चिमटीत घेतल्यावर थोडे चिकटावे, पण खर जाणवावी. पुडीत गाठी राहतात, त्या बारीक सुईने फिरवून मोडाव्यात आणि पूड सपाट करावी. टॅम्परने, म्हणजे पूड दाबण्याच्या सपाट ठोकळ्याने, सरळ खाली दाबावे. किती जोर लावला यापेक्षा पृष्ठभाग समतल राहिला का, हे महत्त्वाचे आहे. एक बाजू कलली की पाणी तिकडूनच पळते. कडेची पूड बोटाने झाडावी, मूठ बसवावी, कप काट्यावर ठेवावा आणि लगेच बटण दाबून सेकंद मोजावेत.

पाच ते आठ सेकंदांनी पहिले थेंब यावेत, मग उंदराच्या शेपटीसारखी बारीक, तपकिरी धार लागावी. काट्यावर ३२ ग्रॅम झाले की बंद करावे. समजा, १४ सेकंदांतच ३२ ग्रॅम भरले आणि कॉफी जिभेच्या कडांना आंबट झोंबली, तर ग्राइंडर दोन खाचा बारीक करावा आणि वजन तेच ठेवावे. पुढची कॉफी २१ सेकंदांत आली, तर आणखी एक खाच. २७ सेकंदांवर आल्यावर आंबटपणा मागे सरून गुळचट चव वर येते. उलट धार थेंबथेंब पडून ४० सेकंद लागले आणि चव कडू-तुरट झाली, तर दळण भरड करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळचे वजन, सेकंद व चव वहीत लिहावी. हा शिस्तीचा भाग कंटाळवाणा वाटला तरी तोच शिकवतो. दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये फेस नेहमीच दिसतो, म्हणून फेसावरून नव्हे, चवीवरून ठरवावे.

कॉफी संपल्यावर मूठ लगेच फिरवू नये. आत दाब शिल्लक असतो आणि उकळता चोथा अंगावर उडतो. अर्धा मिनिट थांबावे.

दुधासाठी

साध्या मशीनमध्ये आधी कॉफी काढावी, मग वाफ करावी, कारण वाफेसाठी मशीन कॉफीच्या तापमानापलीकडे तापते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असल्याने चव भरदार येते, पण फेस जड होतो. गाईच्या दुधाने शिकणे सोपे जाते. आपल्याकडे दूध तापवूनच ठेवतात, तेव्हा ते फ्रीजमध्ये थंडगार करून साय गाळणीने पूर्ण काढावी. सायीचा तुकडा वाफेच्या नळीचे तोंड बंद करतो. नळीतले पाणी आधी बाहेर सोडावे, टोक दुधाच्या पृष्ठभागाजवळ धरून काही सेकंद हवा घ्यावी, मग किंचित खाली बुडवून दूध गोल फिरू द्यावे. भांडे हाताला धरवेनासे झाले की ६० अंशांच्या आसपास पोचले, असे समजून थांबावे. नळी ओल्या फडक्याने त्याच क्षणी पुसावी.

निगा

रोज बास्केट धुवावी आणि मशीनमध्ये वर बसवलेली, पाणी सोडणारी चाळणी पुसावी. तिच्याभोवतीचा रबरी वायसर दाबून पाहावा, तो कडक होऊन बाजूने पाणी गळू लागले की बदलावा. चोथा उकिरड्यावर किंवा गांडूळखतात टाकता येतो. दर दोन-तीन महिन्यांनी, माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तर, किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व एका लिटर पाण्यात २० ग्रॅम विरघळवून ते टाकीत घालावे, अर्धे पाणी कॉफीच्या आणि थोडे वाफेच्या वाटेने सोडावे, वीस मिनिटे थांबून उरलेले काढावे आणि नंतर दोन टाक्या स्वच्छ पाणी आरपार जाऊ द्यावे. व्हिनेगर वापरू नये; त्याचा वास रबरात मुरतो. पाणी जारचे असले तरी महिन्यातून एकदा त्याचा टीडीएस मोजावा, कारण पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पडदा जुना झाला की आकडा हळूहळू चढतो, आणि तो २५० च्या वर गेला की पाण्याचा स्रोत बदलावा.