मॉफवर काम सुरू करताय? आधी वाळवायला शिका

पीएचडीच्या पहिल्या पावसाळ्यात मी एचकेयूएसटी-१ हे तांब्याचं मॉफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) केलं होतं. ते कार्बन डायऑक्साइड किती धरतं, ते मोजायचं होतं. व्हॅक्युममध्ये रात्रभर तापवून काढलं तेव्हा ते गडद जांभळट निळं होतं. बटर पेपरवर घेऊन काट्यावर ठेवलं, तर आकडा थांबेचना, वजन चढतच राहिलं. बघता बघता पावडर आकाशी झाली. पुण्यातल्या जुलैची ओल छिद्रांत जाऊन बसली होती. कार्बन डायऑक्साइडला जागाच उरली नाही आणि त्या दिवसाची मोजणी वाया गेली.

मॉफ म्हणजे धातूचे सांधे आणि सेंद्रिय रेणूंचे वासे जोडून उभा राहिलेला सच्छिद्र स्फटिक. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना याच कामासाठी मिळालं. त्यामुळे आता बरेच जण इकडे वळतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पृष्ठफळ वाढवलं की जास्त वायू पकडला जाईल, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. पण ज्यातून तो पकडायचा त्या कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्केच असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. तिथे नुसती जागा पुरत नाही, पकड लागते. म्हणून छिद्रांत अमाइन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला धरणारा नायट्रोजनचा गट, बसवायचं. मात्र कुठलंही अमाइन चालत नाही. यूआयओ-६६ या झिर्कोनियमच्या मॉफच्या वाशावरच्या अमिनो गटाची इलेक्ट्रॉन-जोडी बेंझीनच्या कड्यात गुंतलेली असते, त्यामुळे फायदा बेताचाच होतो. हे कळायला माझे सहा महिने गेले.

अल्किल डायअमाइनची, म्हणजे साध्या कार्बन-साखळीवर दोन अमाइन असलेल्या रेणूंची, गोष्ट निराळी. मॅग्नेशियमच्या मॉफमध्ये धातूवरच्या मोकळ्या जागांवर ती बसवली, की कार्बन डायऑक्साइड धातू आणि नायट्रोजन यांच्या मधोमध शिरतो. एक शिरला की शेजारच्याची वाट सोपी होते. अमेरिकेत बर्कलीला जेफ्री लाँग यांच्या गटाने २०१५ मध्ये हे उलगडून दाखवलं. म्हणूनच आयसोथर्ममध्ये (एकाच तापमानाला, दाब वाढवत किती वायू धरला जातो त्याच्या आलेखात) पायरी दिसते आणि तापमान थोडंसं वाढवलं तरी वायू सुटतो. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर रसायन हेच वाटतं.

अमाइन बसवल्यावर पृष्ठफळ धाडकन उतरतं, त्याने घाबरू नका. अमाइन किती बसलं ते नमुना आम्लात विरघळवून एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखून मोजणाऱ्या यंत्राने) मोजा. जादा अमाइन नीट धुऊन काढा, नाहीतर छिद्रं बुजतात. वाळवताना तापमान जास्त झालं तर बसलेलं अमाइनही उडून जातं.

आणि कोरड्या वायूतल्या एका आकड्यावर खूश होऊ नका. धुरात वाफ असतेच. कॅनडातल्या कॅलगरीत शिमिझू यांच्या गटाने केलेल्या काल्फ-२० या मॉफमध्ये अमाइन नाही. जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झलेट, एवढंच. तरी साधारण ४० टक्के आर्द्रतेपर्यंत ते पाण्याआधी कार्बन डायऑक्साइड धरतं, म्हणूनच ते सिमेंट कारखान्यापर्यंत पोचलं. पहिल्याच वर्षी दमट वायू धरण्या-सोडण्याच्या फेऱ्या लावून बघा, गाइड नको म्हणाले तरी आग्रह धरा.

आता मी पावडर उघड्यावर तोलतच नाही. रिकाम्या नळीचं वजन बुचासकट आधी घेते. नमुना नळीतच तापवते, बूच लावूनच थंड करते, पुन्हा तोलते आणि वजाबाकी करते. जुलैतही आकडा जागचा हलत नाही.