मल्टिपल अलाइनमेंटचा स्कोअर कसा काढावा: संत्र्याच्या ट्रिस्टेझा विषाणूचं उदाहरण घेऊन

समजा, काटोल-कळमेश्वरकडच्या संत्राबागांतून ट्रिस्टेझा विषाणूच्या आवरण-प्रथिनाच्या जनुकाचे १० सिक्वेन्स (डीएनएच्या अक्षरांच्या ओळी) तुमच्याकडे आले आहेत. जुळणारी अक्षरं एकाच कॉलममध्ये येतील अशा त्या एकाखाली एक मांडणं म्हणजे मल्टिपल अलाइनमेंट, आणि ती किती चांगली जमली याचा आकडा म्हणजे स्कोअर. फास्टा फाइल (सिक्वेन्स साठवायची साधी मजकूर फाइल) साफ केलेली आहे, सगळे सिक्वेन्स एकाच दिशेने आहेत, हे धरूनच चालू.

१. आधी भाषांतर करा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांवरून प्रथिनाची अमिनो आम्लं काढा. हे जनुक ६७२ अक्षरांचं, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे २२४ कोडॉन. शेवटचा स्टॉप (थांबा सांगणारा कोडॉन) सोडला की २२३ अमिनो आम्लं. अलाइनमेंट अमिनो आम्लांवरच करा आणि मग डीएनए त्यावर बसवा. थेट डीएनए अलाइन केला की कोडॉनच्या मधोमध एकेका अक्षराचे गॅप (रिकाम्या जागा) पडतात. स्कोअर झकास दिसतो, जीवशास्त्रीय अर्थ शून्य. या जनुकात एकाच अक्षराचा गॅप दिसला तर उत्परिवर्तन सापडलं म्हणून नाचू नका, आधी क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंग यंत्राचा आलेख, वाचनाची चूक त्यात दिसते) उघडा.

२. माफ्ट हा अलाइनमेंटचा प्रोग्रॅम चालवा. १० सिक्वेन्सना अचूक, संथ पर्याय निवडला तरी वेळ लागत नाही.

३. मॅट्रिक्स ठरवा, म्हणजे कुठल्या दोन अमिनो आम्लांच्या जोडीला किती गुण द्यायचे त्याचा तक्ता. ब्लोसम आणि पॅम ही अशा तक्त्यांची दोन कुटुंबं. ब्लोसम६२ मध्ये ल्युसीन-ल्युसीन ४, ल्युसीन-आयसोल्युसीन २, ल्युसीन-ग्लायसीन उणे ४. सिक्वेन्स फार जवळचे असतील तर ब्लोसम८० घ्या. ब्लोसमचा आकडा मोठा म्हणजे नातं जवळचं, पॅमचं नेमकं उलटं. इथे गफलत हमखास होते.

४. प्रत्येक कॉलममधल्या सगळ्या जोड्यांच्या गुणांची बेरीज करा. हाच सम-ऑफ-पेअर्स, म्हणजे एसपी स्कोअर. १० सिक्वेन्सच्या ४५ जोड्या होतात. कॉलममध्ये सगळीकडे ल्युसीन असेल तर १८०. एकाच ठिकाणी ग्लायसीन आलं तर ३६ जोड्यांचे १४४ मिळतात, ९ जोड्यांचे ३६ वजा होतात, उरतात १०८.

५. आता गॅप. खरी वाट लागते ती इथे. 'गॅपला १० वजा करा' हा सल्ला अर्धवट आहे. गॅप उघडण्याचा दंड वेगळा, वाढवण्याचा वेगळा. शिवाय एम्बॉस या प्रोग्रॅम-संचाच्या हिशेबात १० (उघडण्याचा) आणि ०.५ (वाढवण्याचा) म्हणजे दोन अक्षरांच्या गॅपला १०.५. सिक्वेन्स शोधणाऱ्या ब्लास्टच्या ११ आणि १ मध्ये मात्र पहिल्या अक्षरालाही वाढीचा दंड बसतो, म्हणून तोच गॅप १३ ला पडतो. एका प्रोग्रॅमचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे टाकू नका.

त्याहून मोठी चूक जोड्या सुट्या करताना होते. हे पाहा:

क: ए – – – – सी
ख: ए टी – – जी सी
ग: ए टी जी जी जी सी

क-ख ही जोडी मोजताना तिसऱ्या-चौथ्या कॉलममध्ये दोघांकडेही गॅप आहे. हे कॉलम त्या जोडीपुरते आधी काढून टाका. मग क मध्ये दोन अक्षरांचा एकच गॅप उरतो: १०.५. क-ग चे ११.५, ख-ग चे १०.५, एकूण दंड ३२.५. स्क्रिप्टने ते कॉलम न काढता गॅप तिथे 'संपला' असं मानलं तर क मध्ये तो दोनदा उघडतो आणि एकट्या क-ख ला २० पडतात. दोघांचेही गॅप मोजले तर २२. नेटवर फिरणाऱ्या तयार स्क्रिप्ट वापरण्याआधी हीच तीन ओळींची फाइल देऊन बघा, ३२.५ आलं नाही तर ती स्क्रिप्ट कचऱ्यात.

टोकाच्या गॅपना दंड नको. प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं तो डीएनएचा छोटा तुकडा) वेगळा असला की वाचन पाच-पंचवीस अक्षरं आखूड येणारच. त्यात विषाणूचा काय दोष?

६. वजन द्या. १० पैकी ८ नमुने एकाच बागेतले असतील तर ४५ पैकी २८ जोड्या त्या बागेच्याच. स्कोअर भरघोस येतो, पण तो त्या एका बागेचा. हेनिकॉफ पद्धत सोपी आहे: कॉलममध्ये किती वेगळी अक्षरं आहेत आणि आपलं अक्षर किती सिक्वेन्सकडे आहे, या दोन आकड्यांच्या गुणाकाराने १ ला भागायचं. चार ए आणि एक टी असेल तर प्रत्येक ए ला ०.१२५, टी ला ०.५. सगळ्या कॉलमची सरासरी म्हणजे त्या सिक्वेन्सचं वजन. प्रत्येक जोडीचा गुण, आणि गॅपचा दंडसुद्धा, दोन्ही वजनांनी गुणायचा. एकाच बागेचे नमुने सरळ गाळून टाकणं हा आळशी मार्ग. त्यात खरे फरकही जातात.

७. तुलना करताना सांभाळा. तेच सिक्वेन्स, तोच मॅट्रिक्स, तोच दंड, तीच वजनं असतील तरच दोन अलाइनमेंटचे स्कोअर शेजारी ठेवा. माफ्ट आणि क्लस्टल ओमेगा (असाच दुसरा प्रोग्रॅम) यांनी छापलेले आकडे एकमेकांशी ताडू नका; दोन्ही अलाइनमेंट आपल्याच स्क्रिप्टमधून काढा. बालीबेसच्या (अलाइनमेंटचे प्रोग्रॅम पारखायच्या संदर्भ-संचाच्या) संदर्भात 'एसपी स्कोअर' दिसला तर तो हा नव्हे. तिथे संदर्भ अलाइनमेंटमधल्या किती जोड्या बरोबर जुळल्या त्याचं प्रमाण असतं, ० ते १ मधलं. प्रबंधात स्कोअरशेजारी मॅट्रिक्स, दोन्ही दंड, टोकाच्या गॅपचा नियम आणि वजनाची पद्धत लिहा.