सड्यावर पवनचक्की उभी राहताना बॉटनीवाल्याचं काम काय असतं? (नवीन येणाऱ्यांसाठी)

बॉटनीत एमएस्सी करणारे बरेच जण विचारतात की पवनचक्की किंवा टॉवर लाईनच्या प्रोजेक्टवर इकॉलॉजिस्ट म्हणून गेलं तर नेमकं करायचं काय. मी सातारा-पाटण बाजूच्या सड्यांवर (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघड्या कातळाचं पठार) हे काम करतो, त्यामुळे तिकडचंच सांगतो, कच्छ-राजस्थानचं गणित वेगळं आहे.

खोदकाम चालतं दिवाळीनंतर ते मे पर्यंत आणि झाडं दिसतात जून ते ऑक्टोबर, सगळी गोची इथेच आहे. चाळकेवाडीच्या पठारावर फेब्रुवारीत गेलात तर काळा कातळ, वाळलेलं गवत आणि वारा, बास. जेसीबीवाला म्हणणारच, "साहेब, इथं काय हाय वाचवायला?" त्याचंही बरोबर आहे, त्याला दिसणार कसं, वायतुऱ्याचे कंद, दीपकाडीचे कंद, गेंद आणि सीतेच्या आसवांचं बी सगळं त्या चार बोटं मातीत दडलेलं असतं. आणि वायतुरा म्हणजे सह्याद्रीतली अशी मोजकी पठारं सोडली तर जगात कुठेच नाही!

म्हणून सर्व्हे पावसातच करायचा आणि एका फेरीत भागवायचं नाही. जुलैत कंदवाल्या वनस्पती सापडतात, गेंद-सोनकी बघायला सप्टेंबरात परत जावं लागतं. रस्त्याची आखणी जिथून जाणार त्या रेषेवरून जीपीएस घेऊन चालायचं, उथळ डबकी, पाझराच्या जागा, कातळाच्या भेगा सगळं नकाशावर घ्यायचं. पेन विसरा, पेन्सिल ठेवा.

हा नकाशा इंजिनिअरच्या हातात ड्रॉइंग फायनल व्हायच्या आधी पडला पाहिजे, नंतर कितीही चांगला रिपोर्ट दिलात तरी तो फाईलला लागतो. पवनचक्कीचा फाउंडेशन फारसा हलवत नाहीत कारण वाऱ्याचा हिशोब असतो, पण रस्ता, क्रेन पॅड (क्रेन उभी करायची सपाट केलेली जागा) आणि केबलचा चर हलवता येतो आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं. रस्त्याचा भराव टाकला की सड्यावरून पातळ थरात वाहणारं पाणी अडतं, वरच्या बाजूला साचतं आणि खालची डबकी कोरडी पडतात, म्हणजे ज्या जागेला मशीन लागलंच नाही तिथली झाडं पण जातात. त्यामुळे मोऱ्या किती आणि कुठे यावर भांडा. सिव्हिलचं थोडं शिकून घ्या, लेव्हल आणि क्रॉस सेक्शन वाचता आलं की साईटवर तुमचं ऐकतात.

काम सुरू झालं की वरची माती वेगळी काढून त्याच सड्यावर ठेवायला लावा, बाहेरून माती आणू देऊ नका, तिच्यातून गाजरगवत आणि रानमोडी येते, मशीन वर चढायच्या आधी टायर धुवून घ्या. सुटे दगड सोलिंगला, म्हणजे रस्त्याखालच्या दगडी थराला, उचलतात तेही थांबवा, त्यांच्याखाली पाली, साप, विंचू राहतात. आणि शेवटी कोणीतरी उत्साहाने "हजार झाडं लावू" म्हणतो, तर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ सड्यावर लावणं म्हणजे सड्याची वाट लावणं, उघडा राहणं हीच त्याची तब्येत आहे हे पटवायला लई वेळ जातो!

झाडांपलीकडेही बघा. याच चाळकेवाडीवर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये आला, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चार पटीने कमी आणि सरडे जास्त, असं निघालं. तो पेपर वाचूनच या कामाला या.

कायद्याचं थोडक्यात. 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेच्या यादीत पवन प्रकल्प नाहीत, त्यामुळे पर्यावरण मंजुरी लागत नाही आणि खाजगी जमिनीवर तुम्हाला कोणी बोलावेलच असं नाही. जमीन वनखात्याची असेल तर 1980 च्या वन संरक्षण कायद्याची परवानगी लागते, किंवा कर्ज देणारी बँक आयएफसीचा (जागतिक बँक गटातली कर्ज देणारी संस्था) परफॉर्मन्स स्टँडर्ड 6, म्हणजे जैवविविधतेचे नियम, पाळा म्हणते, आपल्या नोकऱ्या बहुतेक या दोन दारांतून येतात. आता जुन्या पवनचक्क्या काढून मोठ्या बसवायचं 2023 चं रिपॉवरिंग धोरण आलंय, मोठं पातं वर न्यायचं म्हणजे रस्त्याला रुंद वळणं, म्हणजे परत सडा खोदणं, तेव्हा काम वाढणार असं मला वाटतं.

शिकायचं कुठे? वनस्पती ओळखण्यासाठी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पुण्यात आघारकर संस्था आणि बीएसआयचं (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) हर्बेरियम, गरवारे कॉलेजचा बायोडायव्हर्सिटीचा एमएस्सी. सुरुवातीला पगार बेताचाच असतो आणि राहणं गावात कुणाच्या तरी पडवीत. नंतर नाबेटकडे (ईआयए सल्लागारांना मान्यता देणारी संस्था) इकॉलॉजी-बायोडायव्हर्सिटीचा एक्सपर्ट म्हणून नाव लागलं की भाव वाढतो. अर्ज मात्र एप्रिल-मे मध्येच टाका, पावसाळ्याची टीम तेव्हाच ठरते, जुलैत फोन केलात तर पुढच्या वर्षी बघू म्हणतील.