शेळीच्या दुधाचं दही: सगळी मेख तापवण्यात आहे

शेळीच्या दुधाचं दही पातळ होतं म्हणून कॉर्नफ्लॉवर घाला, असं कोणीही सांगतं. नका घालू, दह्याची पेज होते. मुंबईत तबेल्याचं दूध म्हणजे म्हशीचं, त्यामुळे वडी पडेल असं दही आपल्या डोळ्यात बसलंय. शेळीच्या दुधात अल्फा-एस-१ केसीन, म्हणजे दह्याला घट्टपणा देणारं एक प्रथिन, कमी असतं, म्हणून त्याचं दही मऊच लागतं. पण मऊ वेगळं आणि पाणी सुटलेलं वेगळं!

दूध ताजं घ्या. वास येत असेल तर दही उग्रच होणार. आणि कच्चं दूध विरजायचं नाही म्हणजे नाही, त्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार होऊ शकतो.

आता खरं काम. एक उकळी आणून गॅस बंद करणं इथे पुरत नाही. जाड बुडाचं पातेलं, मंद आच, आणि ८५ अंशावर २० ते ३० मिनिटं दूध तसंच धरायचं, थर्मामीटर नसेल तर कडेला बारीक बुडबुडे आणि वर वाफ दिसली पाहिजे पण खदखदता कामा नये. एवढ्या वेळात दुधातली पाण्यात विरघळलेली प्रथिनं केसीनला चिकटतात, दही पाणी धरून ठेवतं. घाई करून मोठ्या आचेवर उकळलंत की बुडाला लागतं. सायीची वाट बघू नका, या दुधातले स्निग्धकण बारीक असतात, साय फारशी धरत नाही. अजून घट्ट हवं असेल तर तापवतानाच लिटरला दोन-तीन चमचे दूध पावडर घाला, बस.

४२-४३ अंशाला आलं, म्हणजे बोट बुडवल्यावर गरम लागतं पण ठेवता येतं, की लिटरला एक चमचा विरजण घोटून घाला. गाईच्या दह्याचं चालतं. जास्त घातलं तर घट्ट होत नाही, आंबट होतं.

मे महिन्यात पाच तासांत लागतं, डिसेंबर-जानेवारीत सात-आठ. मध्ये हलवून बघू नका प्लीज. लागलं की लगेच फ्रिजमध्ये.

चक्का हवा असेल तर मलमलच्या फडक्यात बांधून फ्रिजमध्येच टांगा, आपल्या दमट हवेत खिडकीला टांगलेला रात्रीत आंबतो. खाली पडलेलं पाणी भाकरीच्या पिठात घाला.

आणि हो, लॅक्टोज, म्हणजे काहींना न पचणारी दुधातली साखर, या दुधातही असतंच, गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.