रडायचं ते पेणला: खेडहून सहारचं विमान गाठताना

अठरा वर्षं मी कोकणातल्या खेडहून माणसं मुंबईच्या सहार विमानतळावर नेऊन सोडतोय. आधी सुमो होती, आता अर्टिगा. डिकीत खोके, टपावर खोके, मधल्या सीटवर उद्या कुवेतला नाहीतर दोह्याला पोचणारा माणूस, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला निरोप द्यायला निघालेलं अर्धं घर. मी स्वतः अजून विमानात बसलेलो नाही. त्यामुळे विमानतळाबद्दल मला जे ठाऊक आहे ते फुटपाथपर्यंतचं. काचेच्या दाराच्या आतलं सगळं गिऱ्हाइकांच्या तोंडून. परतीच्या सहा-सात तासांत माणूस दुसरं काय बोलणार?

एक म्हणतो छत बघण्यासारखं आहे, मोरपिसांसारखं. दुसरा म्हणतो छत बघत चाललो आणि चालता चालता टाचा भरून आल्या. फुरूसची एक आजी लेकाकडे शारजाला जाऊन आली. तिचा निकाल असा: "एसटी स्टँडपेक्षा गर्दी जास्ती, पण गारवा बरा." गर्दीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

ही गर्दी का, हे मला विमानतळाजवळ मरोळला भुर्जी-पाव खाताना कळलं. गिऱ्हाईक आत गेलं की आम्ही ड्रायव्हर लोक तिकडे थांबतो. एका रात्री सहज घड्याळ लावून बसलो, तर डोक्यावरून दीड-दीड मिनिटाला विमान. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर तासाला ४६ पर्यंत विमानं चढतात-उतरतात आणि दिवसाला नऊशेच्या वर होतात. २०२४-२५ या वर्षात इथून साडेपाच कोटी माणसांनी ये-जा केली. तिसरी धावपट्टी करावी म्हटलं तर एका अंगाला कुर्ला, जरीमरी, दुसऱ्या अंगाला पार्ले. हात पसरायला जागा नाही. त्यामुळे एक विमान उशिरा उतरलं की मागची सगळी रखडतात, आणि रखडलेली माणसं आत साठत जातात. हे तुमच्या-माझ्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते घराच्या अंगणापासून सहारच्या फुटपाथपर्यंतचं, आणि माझ्या अठरा वर्षांत जी विमानं चुकली त्यातली बहुतेक तिथेच चुकली.

पहिलं काम, तिकीट उजेडात धरून नीट वाचा. तारीख १५, वेळ ००:४०, असं लिहिलं असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री विमानतळावर असायचं आहे. रात्री बारानंतर तारीख बदलते हे शाळेतल्या पोराला कळतं, पण तिकीट हातात आलं की भल्याभल्यांना १५ ची रात्र दिसते. भरण्याजवळचा एक जण मला १५ ला दुपारी फोन करून म्हणाला, "दादा, निघायचं ना?" त्याचं विमान तेव्हा तिकडे उतरून बारा तास झाले होते.

मग विमानतळ कुठला ते बघा. आता हे जास्तच महत्त्वाचं झालंय. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं सुटायला लागली. तो उलव्याला, म्हणजे पनवेलजवळच. आपल्या कोकणातल्या माणसाला सोन्यासारखा. पण तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून भागत नाही. तीन अक्षरांची खूण बघा: बीओएम म्हणजे जुना मुंबईचा, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. बीओएम असेल तर टर्मिनलही बघा. परदेशची विमानं टी-२ वरून, म्हणजे सहारवरून. टी-१ सांताक्रूझच्या अंगाला, देशातल्या विमानांसाठी. दोघांत रस्त्याने चार-पाच किलोमीटर पडतात, आणि रात्री दहाला ते अंतर पनवेलएवढं वाटतं.

आता वेळेचा हिशोब. तो नेहमी उलटा करायचा, विमानापासून घराकडे. वरचंच ००:४० चं विमान धरा. सामान घेण्याचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. विमान कंपन्या तीन तास आधी या म्हणतात. मी चार धरतो, कारण रात्री अकरा ते पहाटे तीन आखाताची आणि युरोपची विमानं एकावर एक सुटतात आणि सगळ्यांचं सामान एकाच वेळी दारात येतं. म्हणजे पावणेनऊला सहार. खेडहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर सहा-सात तास, मी नऊ धरतो. म्हणजे पावणेबाराला गाडी हलली पाहिजे.

गाडी हलली पाहिजे म्हणतो, तेव्हा गाऱ्हाणं धरून नव्हे. देवापुढे नारळ ठेवला की म्हातारी माणसं गाऱ्हाण्यात बारा पाचाच्या देवापासून सुरुवात करतात आणि बाहेरची बाधा, आतली बाधा, साहेबाची मर्जी, अरबाची मर्जी असं करत करत पाऊण तासाने प्रसादावर येतात. मी कुणाच्या देवाला घाई करत नाही. गाऱ्हाणं साडेदहाला सुरू करा एवढंच सांगतो.

रस्त्याबद्दल काय सांगू? हायवेचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, तेव्हा ज्यांना लहान पोरं म्हणून मांडीवर घेऊन नेलं ती आता स्वतः दुबईला निघालीत. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाट टळतो, ते सुख. महाड बरं जातं. माणगावला मात्र बाजारातून गाडी काढायची म्हणजे बाळंतपण, आणि रविवारी संध्याकाळी तर विचारूच नका. इंदापूरलाही तेच. गौरी-गणपती विसर्जनानंतरचे दोन-तीन दिवस आणि शिमग्यानंतरचा रविवार, या दिवसांचं तिकीट शक्यतो काढूच नका. सगळी मुंबई एकाच दिशेने निघालेली असते. काढलंच असेल तर आदल्या दिवशी निघून पाव्हण्यांकडे झोपा. मुंबईत नातेवाईक नाही असा कोकणी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पनवेलपुढे मी वाशी, चेंबूर, तिथून सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडने पश्चिम द्रुतगती हायवेला आणि सहारच्या उन्नत रस्त्याने थेट वर. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर छोट्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे वाशीला सुट्टे पैसे शोधायला नकोत.

रेल्वेने जायचं तर कोकणकन्येने सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रो धरता येते, ती टी-२ पर्यंत जाते. एका बॅगेच्या माणसाला उत्तम. तीन खोके असतील किंवा विमान मध्यरात्रीचं असेल तर नाही, मेट्रो रात्री बंद होते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघून घ्या.

आता सामान. इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण माझी निम्मी भांडणं सामानावरून झालीत.

वजन वाण्याच्या काट्यावर करा. बाथरूमच्या काट्यावर बॅग घेऊन उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, यात दोन किलोची चूक ठरलेली. तिकिटावर तीस लिहिलं असेल तर एकोणतीस भरा. एकच बॅग बत्तीस किलोच्या वर गेली तर पैसे भरूनही घेत नाहीत, कारण ती उचलणारी माणसं असतात. चादरीत बांधलेलं गाठोडं नको. दुबईने २०१७ पासून गोल आणि वेड्यावाकड्या आकाराचं सामान बंद केलंय, एक तरी बाजू सपाट लागते. ते सामान त्यांच्या सरकत्या पट्ट्यावर अडकतं.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घालू नका. हे ऐकून प्रत्येक आई माझ्याकडे असं बघते की मी तिच्या घरचं मीठ खाऊन उलटलोय. पण सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते बंद जागेत आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही. हातातल्या पिशवीत नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. काडेपेटी, लायटरचंही तसंच. पॉवर बँक मात्र उलटी, ती हातातल्याच पिशवीत ठेवायची.

खोबऱ्यापेक्षा खसखस वाईट. इथे बॅगेतून निघाली तर फार तर टाकून देतील, पण दुबईत, सौदीत खसखशीवर बंदी आहे आणि तिथे ती अमली पदार्थांत मोजतात. नुसती पुडी नव्हे, तुमच्या मसाल्यातसुद्धा. आपल्याकडे मसाला दळताना मूठभर खसखस पडतेच. म्हणून ज्याच्यासाठी दळायचा त्याचा मसाला आधीच वेगळा, खसखशीशिवाय दळा. चवीत फरक पडतो, मान्य. पण तुरुंगातल्या जेवणापेक्षा तो मसाला बरा. गोळ्यांचंही बघा. झोपेच्या, जबर दुखण्याच्या, कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी, आणि त्या देशात ते औषध चालतं का हे आधी विचारून घ्या.

आणि आगळ. एका मे महिन्यात मी एका पोराला सौदीच्या विमानाला सोडायला गेलो होतो. सोबत आई, आजी, दोन काका. वर चौथ्या मजल्यावर, जिथून आत जातात, तिथे ट्रॉलीवर बॅगा चढवल्या आणि दाराकडे वळलो, तर दारावरच्या जवानाची नजर खालच्या बॅगेच्या कोपऱ्यावर खिळलेली. मी पाहिलं. लाल थेंब. टप. थांबून पुन्हा टप. पांढऱ्या फरशीवर वाटीएवढं लाल डबकं. मागच्या माणसांनी ट्रॉल्या मागे घेतल्या. पोराच्या तोंडचं पाणी पळालं. जवान काही विचारायच्या आत आजी वाकली, फरशीवर नव्हे, बॅगेच्या कोपऱ्याला बोट लावलं, आणि चाटून दाखवलं. "आगळ हाय बाबा. कोकमाचा." तो बिचारा उत्तरेकडचा, त्याला आगळ काय ठाऊक? पण म्हातारीचं आंबट झालेलं तोंड बघून हसला. बॅग उघडली तर पोराचे सहाच्या सहा पांढरे शर्ट शिमगा खेळून आलेले.

बाटली काठोकाठ भरली होती आणि बूच नुसतं हाताने पिळलेलं. न्यायचंच असेल तर बाटलीत चार बोटं जागा सोडा, बुचावर चिकटपट्टी, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मग स्टीलचा डबा, आणि डबा बॅगेच्या मध्यावर कपड्यांत. हातातल्या पिशवीत नाहीच, तिथे शंभर मिलिलिटरच्या वर पातळ चालत नाही. लोणच्याच्या तेलालाही तोच नियम. माझं ऐकाल तर आगळ ठेवा घरी आणि आमसुलं न्या. तिकडे पाण्यात भिजवलीत की रंग तोच, सार तेच.

कागदांचं थोडक्यात सांगतो, पण हे चुकलं तर बाकी सगळं फुकट. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी तपासणी लागते, असा शेरा असतो. अशा पासपोर्टवर आखातात नोकरीला जायचं तर सरकारची परवानगी आधी लागते. एजंट "होऊन जाईल" म्हणाला तर परवानगीचा कागद हातात मागा. पूर्वी जाताना भरायचा फॉर्म असे, तो आपल्या लोकांसाठी १ जुलै २०१७ पासून नाही. जुनी माणसं अजून तो शोधत फिरतात.

आत गेल्यावर कान नको, डोळे उघडे ठेवा. इथे विमान लागल्याची घोषणा होत नाही, सगळं पडद्यावर येतं. स्टँडवर "खेड-बोरिवली फलाट क्रमांक तीन" असं पुकारतात त्या सवयीने बसून राहिलात तर विमान जाईल. गेटचा नंबर आयत्या वेळी बदलतोही. आधी गेटपर्यंत चालत जा, ते बघा, मग चहा प्या.

मे महिन्यात पावसाळ्याआधी एक दिवस दोन्ही धावपट्ट्या डागडुजीसाठी सहा तास बंद ठेवतात. त्या दिवसाचं तिकीट असेल तर विमानाची वेळ दोनदा तपासा.

आणि पोचवायला येणाऱ्यांसाठी. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, आणि दारापुढे गाडी मिनिटांच्या हिशोबात उभी राहते. मागे हॉर्न, पुढे शिट्टी, आणि मधे आईने लेकाला मिठी मारलेली. मला तेव्हा कुणालाच काही बोलवत नाही. म्हणून आता मी पेणला गाडी थांबवतो. चहा, वडा, संडास, आणि काय रडायचं ते तिथे. अर्धा तास देतो. सहारला फक्त सामान उतरवायचं आणि पाया पडायचं.

इमिग्रेशन झालं की मला मिस्ड कॉल द्या. तो येईपर्यंत मी मरोळ सोडत नाही. पूर्वी सोडायचो. एकदा एका पोराचा कागद कमी पडला आणि त्याला आतून परत पाठवलं. रात्री दीडला त्याचा फोन आला तेव्हा आम्ही वाशीचा पूल ओलांडत होतो, आणि मागे त्याची आई नुकतीच डोळा लागून झोपली होती. तिला न उठवता पुढच्या वळणावरून गाडी फिरवली.